कायदा येरवड्याच्या गेटापासून सुरू होतो, माणूस मात्र डिंभ्याच्या वरच्या वाडीत आजारी पडतो

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. विषय घरात कुजबुजून बोलायचा आणि चारचौघांत टाळायचा असा आहे, म्हणूनच इथं उघड लिहितोय. शेवटपर्यंत वाचा. पटलं नाही तर खाली बिनधास्त लिहा. फक्त कमेंटमध्ये कुणाच्या घराचं किंवा पेशंटचं नाव घेऊ नका, एवढी विनंती.

मी घोडेगावात लोकांना अर्ज-विनंत्या लिहून देतो. वारस नोंद, जातीचा दाखला, रेशन कार्ड, हिरड्याची नुकसानभरपाई, हे रोजचंच. पण वर्षातून चार-सहा वेळा एक वेगळा अर्ज येतो. वरच्या पट्ट्यातला एखादा बाप टोपी हातात घेऊन समोर बसतो आणि म्हणतो, "दादा, पोराला येरवड्याला भरती करून घ्या, असं लिवून द्या." मी विचारतो, "बाबा, अर्ज कुणाच्या नावे लिहू?" तो माझ्या तोंडाकडं बघतो. तहसीलदार? पोलीस? डॉक्टर? कोर्ट? त्याला माहीत नसतं. आणि खरी गंमत अशी, की कायद्याचं पुस्तक उघडलं तरी या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळत नाही. आजची पोस्ट त्या न मिळणाऱ्या उत्तराबद्दल आहे.

आधी घरात काय घडतं ते बघू. नाव-गाव सांगत नाही, कारण असं घर एकच नाही. धरणाच्या वरच्या अंगाला पाण्याकाठची वाडी. पोरगं विशी-बाविशीतलं. आधी त्याची झोप गेली, मग जेवण गेलं, मग "लोक माझ्यावर नजर ठेवून आहेत" म्हणायला लागलं. "बाहेरचं झालंय" म्हणून देवऋषी झाला, अंगारा झाला, कोंबडं झालं. त्यात पाच-सहा महिने गेले. मग एका रात्री त्यानं बापावर कोयता उगारला, नाहीतर धरणाच्या दिशेनं पळत सुटलं. त्या रात्री घरचे काय करतात? गोठ्यातलं दावं आणतात.

हौसेनं कुणी बांधत नाही हो. मनगट सोलू नये म्हणून आईच दाव्याखाली जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळते. एक जण रात्रभर शेजारी बसतो. सकाळी फोनाफोनी सुरू होते. एक म्हणतो, "मारामारी करणारा पेशंट आहे, पोलीस सोबत असतील तरच गाडी." दुसरा म्हणतो, "गुन्हा घडलाय का? नाही ना? मग डॉक्टरकडं न्या." तिसरा म्हणतो, "पेशंट इथं आणा, मग बघू." आणायचं कसं, हाच तर प्रश्न आहे. शेवटी भाड्याची जीप, धरायला चार भाऊबंद, आणि घोडेगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकणचा ट्रॅफिक करत येरवडा. डिंभ्यापासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. आहुप्याकडून निघालात तर त्याआधीची घाटवळणं वेगळी. भाड्याला पैसे नसतील तर दावं दुसऱ्या दिवशीही राहतं, तिसऱ्या दिवशीही राहतं. काही घरांत ते वर्षानुवर्षं राहतं.

आता कायदा काय म्हणतो ते बघा.

आपल्याकडं सध्या मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ आहे. तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याआधी १९८७ चा कायदा होता, त्याआधी १९१२ चा इंग्रजांचा, आणि त्याच्याही मागं १८५८ चा. इंग्रजांच्या कायद्याचा सगळा जोर "वेड्याला समाजापासून लांब कसं ठेवायचं" यावर होता. १९८७ च्या कायद्यातही मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं माणूस आत टाकायची वाट मोठी होती. २०१७ च्या कायद्यानं पहिल्यांदा सांगितलं की आजारी माणूस हा आधी हक्क असलेला नागरिक आहे. हा बदल मोठा आहे आणि चांगला आहे. तो नीट समजून घ्या, कारण "नवीन कायद्यानं घरच्यांचे हात बांधले" अशी ओरड आपल्याकडंही ऐकू येते.

थोडक्यात सांगतो.

माणूस स्वतःहून दवाखान्यात दाखल होऊ शकतो आणि स्वतःहून घरी जाऊ शकतो. हा नेहमीचा मार्ग.

माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर कलम ८९ आहे. त्याच्या वतीनं प्रतिनिधीनं अर्ज करायचा. प्रतिनिधी कोण, हे माणूस बरा असताना साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून ठरवून ठेवू शकतो. ठरवलेला नसेल तर बहुतेक वेळा नातेवाईकच असतो. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक डॉक्टर किंवा या क्षेत्रातला जाणकार, अशा दोघांनी वेगवेगळं तपासायचं. त्यानं नुकतंच स्वतःला इजा करायचा प्रयत्न केलाय किंवा तशी धमकी दिलीय, दुसऱ्यावर हात उगारलाय, किंवा स्वतःची काळजी घेणंही त्याला जमत नाही इतका तो खचलाय, असं काही दिसलं तरच दाखल करायचं. तेही जास्तीत जास्त ३० दिवस.

त्यापुढं ठेवायचं तर कलम ९०. दोन मानसोपचारतज्ज्ञ लागतात आणि जिल्ह्याच्या पुनर्विलोकन मंडळाची परवानगी लागते. आधी ९० दिवस, मग १२०, मग १८०, आणि दर वेळी नवीन तपासणी. या मंडळाचं अध्यक्षपद जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या माणसाकडं असतं. जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी असतो, डॉक्टर असतात, आणि स्वतः आजारातून गेलेली किंवा अशा माणसाला सांभाळणारी माणसंही असतात. बाई किंवा लहान मूल दाखल झालं तर मंडळाला तीन दिवसांत कळवायचं, बाकीच्यांचं सात दिवसांत. "मला इथं राहायचं नाही" असं पेशंटला वाटलं तर तो मंडळाकडं दाद मागू शकतो, आणि वकील फुकट मिळायचा हक्क आहे.

कलम ९५ म्हणतं, साखळी कुठल्याही स्वरूपात चालणार नाही. कलम १०० म्हणतं, रस्त्यावर भटकणारा आजारी माणूस पोलिसांनी ताब्यात घेतला तर २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचा, लॉकअपमध्ये ठेवायचा नाही. कलम १९ म्हणतं, घरचे घ्यायला येत नाहीत किंवा जायला घर नाही, एवढ्याच कारणासाठी कुणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही.

मग अडलंय कुठं?

माणसाला कुणी, कशासाठी, किती दिवस आत ठेवायचं यावर कायदा अगदी बारीक बोलतो. पण पहिल्या दिवशी त्याला तिथपर्यंत कोण आणणार आणि तीस दिवसांनी परत आल्यावर त्याला कोण बघणार, यावर तो मोघम आहे. कलम ८९ दवाखान्याच्या गेटापाशी सुरू होतं. कलम १०० रस्त्यावर भटकणाऱ्यासाठी आहे. कलम १०१ घरात हाल होत असलेल्यासाठी आहे. पोलिसांनी मॅजिस्ट्रेटला कळवायचं, आणि मॅजिस्ट्रेट त्याला तपासणीसाठी दहा दिवसांपर्यंत दवाखान्यात पाठवू शकतात. पण तिथं जायचं तर आईबापांनी स्वतःलाच आरोपीसारखं उभं करायचं: "साहेब, आम्ही पोराला बांधलंय, या." कोण जाईल?

म्हणजे बेवारस फिरणाऱ्याला पोलीस आहेत, छळ होणाऱ्याला मॅजिस्ट्रेट आहेत. ज्याचं घर आहे, घरच्यांची माया आहे, पण गाडी नाही आणि पेशंट गाडीत बसायला तयार नाही, त्याला कोणीच नाही. आणि आपल्याकडचे बहुतेक पेशंट याच तिसऱ्या खात्यातले आहेत.

तुम्ही म्हणाल, कलम ९४ आहे की. आहे, आणि ते माझ्या मते या कायद्यातलं सगळ्यात उपयोगाचं आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं कलम आहे. जिवाला धोका असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा व्हायची भीती असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ताबडतोब उपचार करू शकतो. मानसोपचारतज्ज्ञच हवा असं नाही. दवाखान्यात किंवा वाडीवस्तीत, कुठंही. जवळच्या मानसिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचवणंही त्यातच धरलंय. मुदत ७२ तास. पण शब्द आहे "करू शकतो". केलंच पाहिजे असं कुणावरही बंधन नाही. ज्याच्यावर बंधन नाही तो म्हणतो, "माझं काम नाही." त्याचाही दोष किती म्हणायचा? डॉक्टरला त्याचं प्रशिक्षण नाही, सोबत माणूस नाही, पाठीशी लेखी आदेश नाही.

याच कायद्यात एक सवलत आहे. आसाम, मेघालय, सिक्कीम अशा ईशान्येकडच्या आठ राज्यांत ७२ चे १२० तास करता येतात. दुर्गम भाग म्हणून. दिल्लीत कायदा करताना डोंगर म्हटल्यावर ईशान्य भारत आठवला, सह्याद्री आठवला नाही. काही जण म्हणतील, मग आपल्यालाही १२० तास मागू या. मी म्हणतो, नको. आपल्याला तास वाढवून नकोत, अंतर कमी करून हवं.

आता तुलना बरी दिसत नाही, पण करतो. आपल्या जुन्नर-आंबेगावात बिबट्या विहिरीत पडला तर काय होतं? वनखात्याला फोन जातो, माणसं येतात, पिंजरा येतो, बेशुद्ध करायचं इंजेक्शन येतं, गाडी येते. गरज पडली तर माणिकडोहच्या निवारा केंद्रात त्याची सोय होते. उशीर होतो, लोक चिडतात, सगळं खरं. पण फोन कुणाला करायचा हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. आपल्या पोराच्या डोक्यात काहीतरी बिघडलं तर फोन कुणाला करायचा, हे सरपंचालाही सांगता येत नाही.

आता दुसऱ्या बाजूबद्दल बोलतो, कारण ती बाजूही खरी आहे.

बरेच जण म्हणतात, "एवढे नियम कशाला? घरच्यांनी सही दिली की घ्या दाखल करून. घरचे काय वैरी असतात का?" मंडळी, कधी कधी असतात. माझ्याकडं एकदा दोघे जण आले होते. सख्ख्या भावाला "वेडसर आहे, दाखल करून घ्यावे" असा अर्ज लिहून हवा होता. चौकशी केली तेव्हा रस्त्याकडेच्या जमिनीचा वाद निघाला. भाऊ सही करत नव्हता, एवढाच त्याचा आजार. मी तो अर्ज लिहिला नाही. पण नुसत्या सहीवर माणूस आत जात असता तर त्या भावाचं काय झालं असतं? सातबाऱ्यावरचं नाव राहिलं असतं आणि माणूस भिंतीआड गेला असता.

बायकांचं तर विचारूच नका. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. नांदवायचं नसेल तर बाईला "वेडी" ठरवणं हा सोपा रस्ता होतो. आणि एकदा आत गेलेलं माणूस बाहेर येणं किती अवघड असतं, ते आपल्याच राज्यात उच्च न्यायालयापुढं आलंय. मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी जनहित याचिका केली ती याच प्रश्नावर. बरे झालेले पेशंट केवळ घरचे नेत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं मनोरुग्णालयात अडकलेले, आणि ज्यांनी त्यांची फेरतपासणी करायची त्या यंत्रणाच धड चालत नव्हत्या. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही आपल्या राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. त्यांच्या भिंतींआड किती सण गेले असतील या माणसांचे.

त्याच्याही आधी, १९९३ साली, पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं होतं की कुठलाही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं घटनाबाह्य आहे. म्हणजे तोवर ठेवलं जात होतं. आपल्याकडं "येरवडा" म्हटलं की जेल आणि वेड्यांचा दवाखाना दोन्ही एकदम आठवतात. तो नुसता पत्त्याचा योगायोग नाही, आपल्या मनातही दोन्ही एकच आहेत.

म्हणून दोन डॉक्टर, तीस दिवस, मंडळ, फुकट वकील, यातलं काहीही कमी करू नये असं माझं ठाम मत आहे.

पण हेही तितकंच खरं, की कागदावर हक्क देऊन मधला रस्ता मोकळा सोडला तर हक्क राहतो पुण्यात आणि दावं राहतं वाडीत. बांधून ठेवण्याचा शेवट काय होतो तेही देशानं बघितलंय. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडी इथं दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला आग लागली. पेशंट साखळीनं बांधलेले होते. पळता आलं नाही. २८ जण जळून गेले. त्यांनाही घरच्यांनीच आणून सोडलं होतं, बरं व्हावं म्हणून. आपल्या राज्यात भूत उतरवायच्या नावाखाली दोरीनं-साखळीनं बांधून मारणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. पण देवऋषाकडं जायचं थांबवायला नुसता गुन्हा पुरत नाही. देवऋषी पलीकडच्या वाडीत असतो, रात्री दहालाही भेटतो आणि "बरं होईल" म्हणतो. डॉक्टरनं त्याच्याशी स्पर्धा करायची तर डॉक्टरही जवळ असायला हवा.

तर मग सुधारणा काय हवी? माझ्या चार मागण्या आहेत.

एक. कलम ९४ मधलं "करू शकतो" काढून तिथं जबाबदारी लिहा. घरच्यांनी किंवा आशाताईंनी कळवलं की त्या भागातल्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यानं स्वतः जाऊन किंवा फोन-व्हिडिओवरून बघायचं, आणि गरज असेल तर रुग्णवाहिका पाठवायचीच. हत्यार असेल तर पोलीस सोबत, पण मदतीला. पेशंटला बेड्या नाहीत, लॉकअप नाही. केलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद आणि ती मंडळाला कळवायची, म्हणजे गैरवापर करायलाही कुणी धजणार नाही. मग माझ्यासमोर बसलेल्या बापाला अर्ज कुणाच्या नावे लिहायचा हे कळेल. खरं तर अर्जच लागणार नाही, फोन पुरेल.

दोन. पहिली खाट तालुक्यात. ७२ तासांसाठी माणसाला येरवड्याला कशाला न्यायचा? उपजिल्हा रुग्णालयाच्या पातळीला दोन-तीन खाटा राखून ठेवा. गजांची खोली नको, साधा वॉर्ड, सोबत घरचं एक माणूस. पुण्यातला मानसोपचारतज्ज्ञ व्हिडिओवर बघू शकतो. माझा असा अंदाज आहे की यातले बरेच पेशंट झोप लागली, दोन वेळा औषध पोटात गेलं, की तीन दिवसांत बोलायला लागतील आणि स्वतःच्या सहीनं पुढचे उपचार घेतील. आणि हे काही मी नवीन मागत नाही. कलम ३१ म्हणतं, सरकारी दवाखान्यातल्या सगळ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आजारांच्या प्राथमिक आणि तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण द्यायचं. त्याच कलमात असंही आहे की लोकसंख्येच्या मानानं पुरेसे तज्ज्ञ तयार करायचा प्रयत्न दहा वर्षांत पुरा करायचा. दहा वर्षं मे २०२८ ला भरतात. तारीख लिहून ठेवा.

तीन. गोळी गावापर्यंत. कलम १८ प्रमाणं अत्यावश्यक यादीतली मानसिक आजाराची औषधं फुकट मिळायला हवीत, पण कुठपासून? तर ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर. या एका ओळीत बदल करा: प्राथमिक आरोग्य केंद्रापासून. अडिवरे, तळेघर अशा केंद्रांत ती गोळी हवी. दवाखान्यातून बरा होऊन आलेला माणूस पुन्हा का बिघडतो माहितीय? महिन्याला गोळी आणायला एक दिवस जातो, गाडीभाडं जातं, एक रोज बुडतो. आवणीच्या दिवसांत कोण जाणार? दोन महिने खाडा झाला की पुन्हा तेच. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल ही औषधं देशाच्या अत्यावश्यक यादीत आहेत, जुनी आहेत, फार महागही नाहीत. आपल्या डिंभ्याचं पाणी कालव्यानं श्रीगोंदा-कर्जतपर्यंत पोचतं. घोडेगावची गोळी वरच्या वाडीपर्यंत पोचवायला काय अवघड आहे?

चार. मंडळ लोकांपर्यंत. मंडळाचं कामकाज पुण्यात चालतं आणि दाद मागणारा माणूस आमच्या खोऱ्यातला. त्यानं यायचं कसं? घोडेगावच्या कोर्टात व्हिडिओवर सुनावणी ठेवा, किंवा मंडळानं फिरतीवर यावं. पेशंटला त्याचे हक्क मराठीत, वाचता येत नसेल तर वाचून सांगायचे. आणि माणूस घरी सोडताना त्याच्या आरोग्य उपकेंद्राला लेखी कळवायचं. आज माणूस घरी आला हे आशाताईंना शेजारणीकडून कळतं.

"पैसा कुठून आणायचा?" हा प्रश्न येणारच. नवीन मनोरुग्णालय मी मागतच नाहीये. खाटा आहेत त्यातल्याच, डॉक्टर आहेत तेच, प्रशिक्षण कायद्यानं आधीच सांगितलेलं. आणि खर्च आजही होतोच आहे. फक्त तो जीपभाड्यात, अंगाऱ्यात, बुडालेल्या रोजात आणि विकलेल्या बैलात होतो, म्हणून सरकारी हिशेबात दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. हे फक्त "तसल्या" पेशंटपुरतं नाही. बंगळूरच्या निम्हान्सनं २०१५-१६ साली राष्ट्रीय पाहणी केली होती. त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचारच पोचले नव्हते. म्हणजे साधारण दहा माणसांमागं एक. तुमच्या वाडीत मोजून बघा. आपल्याकडं तर ३० जुलै २०१४ ला माळीण झालं. १५१ माणसं गेली. जोराचा पाऊस लागला की रात्रभर जागी बसणारी माणसं या खोऱ्यात अजून आहेत. त्यांना येरवडा नको आहे. त्यांना जवळ कुणीतरी बोलायला हवंय आणि लागली तर गोळी हवीय. जी यंत्रणा कोयता उगारल्यावर जागी व्हायची ती आधीच जागी असेल, तर कोयत्यापर्यंत गोष्ट जाणारच नाही. बांधायची वेळ यायच्या आधीचे ते सहा महिने, तिथं खरा इलाज आहे.

कायदा बदलणं संसदेच्या हातात आहे आणि त्याला वेळ लागेल. पण नियम आणि परिपत्रकं राज्य सरकार काढू शकतं, आणि ठराव तुम्ही-आम्ही करू शकतो. आपली बरीच गावं पेसा क्षेत्रात आहेत. ग्रामसभेच्या ठरावाला इथं वजन आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, जी ग्रामसभा आधी येईल तिच्यात रस्ता, पाणी, घरकुलाच्या यादीबरोबर हा एक विषय घ्या. मसुदा असा चालेल:

"आमच्या गावातील मानसिक आजारी व्यक्तींसाठी (१) प्राथमिक आरोग्य केंद्रात मानसिक आजारावरील अत्यावश्यक औषधे मोफत व नियमित मिळावीत, (२) मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ९४ नुसार तातडीच्या उपचाराची व वाहनाची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची, हे लेखी कळवावे, (३) त्यासाठी तालुक्यात खाटा राखीव ठेवाव्यात, (४) कलम ३१ प्रमाणे आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण झाले आहे काय, याची माहिती द्यावी."

प्रत तहसीलदारांना, गटविकास अधिकाऱ्यांना, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना आणि आमदार-खासदारांना. पोच घ्यायला विसरू नका. पोच नसलेला अर्ज म्हणजे वहीतला कागद.

तोवर घरात कुणाला त्रास असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. वरच्या पट्ट्यात रेंज नसेल तर रेंजमध्ये येऊन फोन करा, पण करा. आणि शेजारच्या घरात असं कुणी असेल तर त्या घराला नावं ठेवू नका. जमलं तर एक दिवस त्यांच्या पेशंटजवळ बसा, म्हणजे त्याच्या आईला दोन तास झोप मिळेल.

ठराव टाईप करून हवा असेल तर कळवा. या कामाचे पैसे घेणार नाही.